आवाज येते, शब्द येत नाही

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी भर दुपारी भोंग्यानं अशी काही शिट्टी मारली, की मैदानातल्या सगळ्या माणसांनी कानांवर हात ठेवले. एकट्या नंदलालनं ठेवले नाहीत. तो मशीनजवळच्या खुर्चीत शांत बसून होता आणि लोक असे काय करून राहिले म्हणून बघत होता. स्टेजवरच्या पोरीनं माइक खाली टाकला. कुणीतरी धावत येऊन मशीनचं बटण फिरवलं, तेव्हा नंदलालच्या लक्षात आलं की शिट्टी आपल्याच भोंग्याची होती, आणि आपल्याला ती ऐकूच आली नाही.

नंदलाल सोनकुसरे मोहाडीचा. घरचा धंदा विणकामाचा. बाप हातमागावर बसायचा, आई कांड्या भरायची. नंदलालला मागावर बसवलं की तो तासाभरात उठून जायचा. त्याचा जीव रेडिओत. पुढं त्यानं एक जुना अँप्लिफायर आणि दोन भोंगे जमवले, मोहाडीत दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि लग्नं, मंडया, दंडारीचे खेळ, कीर्तनं, नाटकं असं जिल्हाभर फिरला. मोहाडी-तुमसर भागात नंदलालचा सेट लागला म्हणजे शेवटच्या माणसाला ऐकू जाणार, असा त्याचा लौकिक होता. कोणता भोंगा बिघडला हे तो डोळे मिटून सांगायचा. पण ही सगळी वर्षं त्यानं भोंग्यांच्या पुढ्यातच काढली होती, आणि कान काही लोखंडाचे नसतात.

मंडईनंतर बायको राधाबाई त्याला भंडाऱ्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावून तपासलं आणि कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बऱ्यापैकी सरळ होती, उजवीकडं, बारीक आवाजांच्या बाजूला, ती विहिरीत उतरल्यासारखी खाली गेलेली.

"जाड आवाज येतात तुम्हाला. बारीक गेलेत," डॉक्टर त्याच्या समोर येऊन सावकाश म्हणाले. "स, श, च, त, ही अक्षरं बारीक आवाजाची. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही."

मशीन मिळालं कानात घालायला. घरात ते बरं चालायचं. बाजाराच्या दिवशी मात्र गाडीचा हॉर्न, भाजीवाल्याची हाक आणि गिऱ्हाइकाचं बोलणं असं सगळं एकदम कानात ओतायचं. नंदलाल मग ते काढून खिशात ठेवायचा आणि लोकांच्या ओठांकडं बघायचा.

ऑर्डरी कमी झाल्या. बहिऱ्याचा सेट कोण लावणार? लोक वाईट बोलत नव्हते, फक्त दुसरीकडं जात होते. तुमसरला दिलेली मुलगी, स्वाती, यायची तेव्हा बापाच्या समोर बसून म्हणायची, "बाबा, आता बस झालं. कायले दुकान उघडता? आराम करा."

"आराम करून काय करू?" नंदलाल विचारायचा.

स्वाती मग उठून आईकडं जायची.

पण दुकान उघडून करायचं काय, हेही खरं होतं. अँप्लिफायर दुरुस्त करणं हाताला येत होतं, पण तो नीट वाजतो की नाही हे कोण सांगणार? एकदा नागपूरला सुट्टे भाग आणायला गेला असताना दुकानदारानं त्याला एक डिजिटल मल्टिमीटर दाखवला. व्होल्ट, ओहम, करंट मोजणारे मीटर नंदलालनं आयुष्यभर वापरले होते. ह्या मीटरवर एक जास्तीचं बटण होतं: डीबी. डेसिबल. तारेतून जाणाऱ्या आवाजाच्या सिग्नलची ताकद किती, हे तो सरळ आकड्यात दाखवायचा.

नंदलालनं तो घेतला आणि दुकानात बसून त्याच्याशी झुंजायला लागला. आधी त्यानं गाणं लावून मीटर जोडला, तर आकडे टोळासारखे उड्या मारायला लागले. एकही धरता येईना. मग त्याला कळलं की मोजायचं तर एकसारखा सूर पाहिजे. मोबाइलमध्ये तसा सूर काढणारं अॅप त्यानं उतरवून घेतलं. सूर मशीनमध्ये सोडायचा, आत जाताना किती ते बघायचं, बाहेर येताना किती ते बघायचं. तीन डीबी उतरले म्हणजे ताकद अर्ध्यावर आली. दहा उतरले म्हणजे दहावा हिस्सा उरला. हे एवढं डोक्यात बसायला त्याला आख्खा हिवाळा लागला. पण बसल्यावर तो दुरुस्त केलेला प्रत्येक सेट मोजूनच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला लागला. "पायजे तर घरी जाऊन वाजवून पाहा," म्हणायचा. लोक वाजवून बघायचे आणि सेट परत येत नसे.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस करंजघाटच्या सरपंच रीताताई दुकानात आल्या. करंजघाट म्हणजे वैनगंगेच्या काठचं गाव. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी गावाच्या खालच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, शिरते. म्हणून ग्रामपंचायतीनं इशारा द्यायला भोंगे लावले होते. माइक आणि मशीन पंचायतीत, तिथून खांबाखांबानं तार, आणि शेवटचे दोन भोंगे थेट खालच्या टोलीत.

"काका, मागच्या पावसाळ्यात आमी ओरडून ओरडून सांगतलं," रीताताई म्हणाल्या. "पाणी सोडलं, वर या म्हून. टोलीतल्या लोकायले वाटलं राशनचं सांगून राहिले. माणसं वाचली, पण गोदावरीबाईच्या शेळ्या गेल्या. आवाज तर जाते तिथपर्यंत. शब्द कळत नाही."

त्या भरभर बोलत होत्या. नंदलालनं हात वर केला. "माह्या समोर या अन् सावकाश सांगा. मले ऐकू येत नाही."

रीताताईंचा चेहरा पडला. त्यांनी दुकानाची पाटी परत एकदा बघितली. "माफ करा काका, पण... आवाजाचंच काम आहे हे."

"आवाजाचंच काम करतो मी." नंदलालनं मीटर टेबलावर ठेवला. "किती आवाज निघाला, किती पोचला, हे यात दिसते. मधात कुठं गळती आहे ते शोधू. पावसाळ्याच्या आत पायजे न?"

"पावसाळ्याच्या आत."

"मंग उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो मोपेडवर शिडी बांधून करंजघाटला गेला. राधाबाई सोबत यायला निघाली होती, पण तो म्हणाला, "तू कायले उन्हात? मी लहान पोरगा हाय का?" बहिरा झाल्यापासून त्याला कुणी सोबत दिलेलं खपत नसे.

पंचायतीतल्या मशीनमध्ये त्यानं सूर सोडला, मीटर लावला आणि आकडा बघितला. मग टोलीत जाऊन शेवटच्या भोंग्याच्या तारेवर मीटर लावला. बारा डीबीनं घट. म्हणजे पंचायतीतून निघालेल्या ताकदीचा सोळावा हिस्साच टोलीत पोचत होता. बाकीची ताकद वाटेत कुठंतरी मरत होती. तो उलटा निघाला. प्रत्येक खांबावर शिडी लावायची, चढायचं, मोजायचं, आकडा खडूनं खांबावर लिहायचा, उतरायचं. चिंचेजवळच्या खांबाच्या अलीकडं आणि पलीकडं एकदम मोठा फरक आला. तिथं तारेचा जोड होता, नुसती पीळ मारून वर टेप गुंडाळलेली. आत सगळा हिरवा गंज. नंदलालनं जोड कापला, तार घासून चकचकीत केली, पक्का जोड मारला आणि पुन्हा टोलीत जाऊन मीटर लावला. घट तीनवर आली होती.

त्याला इतका आनंद झाला की त्यानं लगेच रीताताईंना फोन करून माइकवर बोलायला सांगितलं. टोलीतली माणसं जमली. भोंगा बोलला. नंदलाल सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. तोंडं काही खुलली नाहीत.

शेवटी गोदावरीबाई पुढं आली. वाळक्या अंगाची, पण बोलायला खणखणीत असावी, कारण तिचे ओठ नंदलालला लख्ख वाचता आले. "बावा, पयले हळू आवाजात समजत नव्हतं. आता जोरात समजत नाही."

लोक हसले. नंदलाल हसला नाही. त्यानं शिडी बांधली आणि निघून आला.

घरी येऊन तो खाटेवर पडला. राधाबाईनं दाराशी उभं राहून काहीतरी विचारलं. त्याला कळलं नाही. तिनं आणखी मोठ्यानं विचारलं. तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा ती ओरडलीच, आणि नंदलाल वैतागून म्हणाला, "अवं, जोरात कायले बोलतं? जोरात नको बोलू, साफ बोल!"

आणि तो उठून बसला.

राधाबाई घाबरली. जवळ येऊन, त्याच्या समोर तोंड धरून म्हणाली, "काय झालं? मी चहा ठेवू का, एवढंच विचारून राहिली."

"राधा, त्या तारेले माहाच रोग झाला," नंदलाल म्हणाला. "जाड आवाज पोचून राहिले, बारीक मरून राहिले. मी एकच सूर मोजला, तोही जाड. बारीक मोजलाच नाही."

सकाळी तो परत करंजघाटला. या वेळी मोबाइलमधला सूर त्यानं बारीक केला, इतका बारीक की त्याला स्वतःला तो ऐकूच येईना. मशीन चालू आहे की नाही हे फक्त मीटरवरून कळत होतं. आकडा कमी दिसला म्हणून त्यानं बटण आणखी फिरवलं. थोड्या वेळानं पंचायतीच्या दारात बायामाणसांची गर्दी झाली. एकीनं पदर कानात कोंबला होता. काखेतलं लेकरू तोंड वासून रडत होतं.

"काका, बंद करा ते!" रीताताई हातवारे करत आल्या. "कान फाटून राहिले सगळ्यायचे!"

नंदलालनं ओशाळून आवाज खाली आणला. तरी मोजणी सोडली नाही. पण एक पेच होता. बारीक सुरावर आकडा पंचायतीतच कमी येत होता, जिथं तार सुरूसुद्धा झाली नव्हती. त्यानं मीटरसोबत आलेला माहितीचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की बारीक सुरावर या मीटरचा भरवसा नाही. म्हणजे मीटरही त्याच्यासारखाच. जाड बरोबर दाखवतो, बारीक दाखवताना चुकतो.

तो पंचायतीच्या ओट्यावर बसला. इतका वेळ धरून ठेवलेली उमेद पहिल्यांदा ढिली पडली. स्वातीचं बोलणं आठवलं. कान गेला, आता मीटरही गेला. आराम करा, बाबा. समोर रस्त्यावर एक म्हातारा काटा घेऊन मोहफुलं मोजत होता. नंदलाल नुसता बघत राहिला. काटा जरासा एका बाजूला कललेला होता, पण म्हातारा त्याच काट्यावर आधी रिकामी टोपली ठेवायचा, मग भरलेली, आणि दोन्हींतला फरक धरायचा.

नंदलालनं मांडीवर हात मारला. मीटर चुकतो तर चुकू दे! पंचायतीत जेवढा चुकेल तेवढाच टोलीत चुकेल. मीटर एकच, सूर एकच. एका आकड्यातून दुसरा वजा केला की मीटरची चूक आपोआप निघून जाईल आणि फक्त तारेची घट उरेल. डेसिबलची तर गंमतच ही होती, सगळा हिशोब फरकाचा.

तो पुन्हा शिडी घेऊन निघाला. जाड सुराची घट टोलीपर्यंत तीन. बारीक सुराची तेरा. आता त्याला माहीत होतं की गळती खरी आहे. खांबाखांबानं बारीक सुराचा आकडा घसरत जात होता, आणि टोलीच्या तोंडाशी खांबावर एक लोखंडी डबी होती, तिच्या पुढं घसरणं थांबत होतं. नंदलालनं डबीचं झाकण उघडलं. आत दोन तारांच्या मध्ये पंख्याचा कंडेन्सर जोडलेला होता. बारीक आवाजांना त्यानं आडवाट करून दिली होती. भोंग्यापर्यंत जायच्या आधीच ते दुसऱ्या तारेतून परत फिरत होते.

तो खाली उतरला तेव्हा खांबाशी गावचा वायरमन धर्मेंद्र उभा होता. चाळिशीचा, डोक्याला रुमाल.

"तो म्याच लावला, काका," धर्मेंद्र म्हणाला. नंदलालला नीट दिसावं म्हणून त्यानं ते दोनदा म्हटलं. "लाइटीची तार जवळून जाते न. भोंग्यात भर्रर्र आवाज यायचा. कंडेन्सर लावला अन् बंद झाला. मले वाटलं काम झालं."

"बरोबरच होतं तुह्यं," नंदलाल म्हणाला. "ते भर्रर्र बंद झालं. पण त्याच्या सोबत स अन् च बी गेले."

धर्मेंद्रनं मान खाली घातली. नंदलालनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अबे, मान काय घालतं? कंडेन्सर काढू, तर ते भर्रर्र परत येईन. मंग काय करायचं ते सांग. लाइट तुह्या हातची."

धर्मेंद्रनं विचार केला. तेवढ्या टप्प्यात आपली तार लाइटीच्या खांबांवरून काढून पलीकडच्या बाजूनं न्यावी आणि दोन्ही तारा एकमेकींना पीळ देत न्याव्यात, म्हणजे भर्रर्र तारेत शिरणार नाही, असं त्यानं सुचवलं. टोलीतल्या माणसांनी बांबू दिले आणि खड्डे खणले. गोदावरीबाईनं सगळ्यांसाठी चहा केला आणि खड्डा किती खोल पाहिजे यावर मतही दिलं. काम पुरं झाल्यावर नंदलालनं मोजलं. बारीक सूरसुद्धा आता चारच्याच घटीनं पोचत होता.

पण ह्या वेळी त्यानं आनंदात लगेच फोन लावला नाही. आकडा बरोबर आला म्हणजे शब्द पोचला असं नव्हे, हे त्याला गोदावरीबाईनं शिकवलं होतं. ताकद मीटर सांगेल. शब्द पोचला का, ते माणसाचा कानच सांगेल, आणि तो कान त्याच्याकडं नव्हता.

घरी गेल्यावर तो राधाबाईसमोर बसला. म्हणायला जड गेलं, पण म्हणाला, "उद्या माह्यासंगं येशील का? तुह्या कानाचं काम हाय."

राधाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "इतके दिवस काहून नाही म्हटलं?"

"लाज वाटे."

"माह्या कानाची?"

"माह्या."

 सकाळी ती मोपेडवर त्याच्या मागं बसली.

नंदलालनं रीताताईंना पटकन गफलत होईल अशा शब्दांची यादी लिहून दिली होती आणि तीच यादी आपल्या हातातही ठेवली होती. राधाबाई आणि गोदावरीबाई टोलीच्या मध्यावर, घरांच्या भिंतींआड उभ्या राहिल्या. नंदलाल राधाबाईच्या समोर. भोंगा बोलला की ती जसं ऐकलं तसं म्हणायची आणि तो तिच्या ओठांवरून वाचायचा.

"साठ," ती म्हणाली. "शाळा. चाळ. तास. पाणी सोडलं. पाणी सोडणार."

नंदलालनं मान हलवली. पुढं.

"पाच."

तो थांबला. "पाच नाही. काच पायजे."

"टॅक्टर गेला न मधात," गोदावरीबाई रागावून म्हणाली. "तिले कायले बोलता? मलेबी पाचच आलं."

रीताताईंना पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी दोघी एकदम म्हणाल्या, "काच!" आणि गोदावरीबाई इतकी खूश झाली की पुढचे शब्द ती स्वतःच जोरजोरात म्हणायला लागली. नंदलालला ऐकू येवो न येवो, टोलीला पोचावेत म्हणून.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी वरच्या भागात सतत पाऊस झाला. एका सकाळी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप पंचायतीत आला. रीताताई माइकवर बसल्या. पाणी सोडलं आहे, दुपारपर्यंत टोलीत येईल, शाळेत या, जनावरं आणा. त्यांनी हे सावकाश, एकेक शब्द मोकळा करून सांगितलं. नंदलालनं त्यांना तेवढं बजावून ठेवलं होतं. टोली उठली. माणसं, गाई, कोंबड्या, धान्याच्या कोठ्या असं सगळं उंचावरच्या शाळेत गेलं. पाणी आलं, दोन दिवस राहिलं आणि उतरलं. भिंती पडल्या, चुली वाहून गेल्या. माणूस आणि जनावर एकही गेलं नाही.

नंदलाल त्या वेळी मोहाडीत होता आणि एका भजनी मंडळाच्या सेटमध्ये डोकं घालून बसला होता. रीताताईंचा फोन राधाबाईनं घेतला. ती दुकानात आली, त्याच्या हातातली सोल्डरिंगची कावी बाजूला ठेवली आणि त्याच्या समोर बसून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "गोदावरीबाईनं नवीन दोन शेळ्या घेतल्या होत्या. त्याबी शाळेत हायेत म्हणे. मास्तरच्या टेबलाखाली."

 नंदलालनं डोळे पुसले आणि विचारलं, "कोणत्या शब्दावर उठले ते? विचारलं का तू?"

"तसं कोण विचारते?"

"विचारायले पायजे," तो म्हणाला. "कोणता शब्द पयले पोचते ते कळलं तर तोच आधी बोलायले सांगता येईन."

राधाबाईनं कपाळाला हात लावला, आणि तरी फोन लावला.

आता नदीकाठची गावं त्याला बोलावतात. वर बपेऱ्याच्या बाजूनं, खाली कारध्याच्या बाजूनं, दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून निरोप येतो. दोघं मोपेडवर जातात. शिडी धर्मेंद्र मागून आपल्या गाडीवर आणतो, कारण नंदलालनं खांबावर चढू नये असं स्वातीनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. ते वचन तो निम्म्या वेळा पाळतो. खांबावर मीटर नंदलालच्या हातात असतो आणि खाली सावलीत राधाबाई भोंग्याकडं कान लावून उभी असते. एखाद्या गावात कुणी नवखा माणूस विचारतोच, की बहिरा माणूस भोंगे कसा दुरुस्त करतो? राधाबाई पदरानं घाम पुसत त्याला सांगते, "भाऊ, मधात बोलू नका. शब्द चुकते माहा."